आपण देहाचा अव्हेर केला

दर रविवारी उपासनेत आपण उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो. त्याच्या शेवटाकडे, पापांच्या क्षमेनंतर, मेलेला देह पुन्हा उठेल अशी कबुली येते. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटल्यामुळे ती आपल्या ओठांवरून सहज घरंगळते आणि आपण खाली बसतो. ही कबुली किती अचाट आहे याचा विचार आपण बसताना करत नाही. पहिल्या शतकांत ख्रिस्ताला देह नव्हताच, तो नुसता भास होता, असे सांगणारे पंथ निघाले, तेव्हा अंत्युखियाच्या इग्नाशियसासारख्या पुढाऱ्यांनी त्यांना कडाडून विरोध केला. ख्रिस्त खरोखर जेवला, थकला आणि खरोखर मेला, यावर त्यांचा सगळा विश्वास उभा होता. त्यांचे वारस म्हणवणाऱ्या आपल्या मराठी मंडळ्यांत आज देहाची अवस्था काय आहे? चाळिशीच्या पुढचे निम्मे लोक गुडघे धरून उठतात. उपासनेनंतर चहा आणि वडे वाटले जातात, मधुमेह असलेले पाळकही ते घेतात आणि कोणी टोकले तर हसून म्हणतात, "आपल्याला काय, आत्मा तयार पाहिजे." सगळे हसतात. मीही त्याच बाकांवर बसतो आणि हसतो. देह उठणार अशी ग्वाही देऊन पाच मिनिटे झालेली नसतात.

हे आंधळेपण आपल्या आळसातून आलेले नाही. ते वारशाने आले आहे आणि त्याची मुळे कळल्याशिवाय ते जाणार नाही. नगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पुढच्या काळात तिथे आणि आसपास जे लोक ख्रिस्ती झाले त्यांच्यात महार-मांग घराणी पुष्कळ होती. गावाने त्या घराण्यांचे देह शतकानुशतके राबवले होते. मेलेली जनावरे ओढायची, सरकारी टपाल घेऊन पायी धावायचे, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचे, वेठीला जायचे, आणि एवढे करून त्याच देहाची सावलीसुद्धा विटाळ मानली जायची. अशा माणसाला मिशनच्या शाळेत बाकावर बसायला मिळाले, अंगात धुतलेला सदरा आणि पायात जोडे आले, प्रभुभोजनाच्या मेजावर एकाच प्याल्याला ओठ लावता आले, तेव्हा ती केवढी क्रांती होती! घाम न गाळता जगता येणे हीच त्याला सुटका वाटली, आणि ते वाटणे अगदी न्याय्य होते. त्याच्या नातवाने मात्र त्या सुटकेचा एवढाच अर्थ धरला की अंग हलवणे कमीपणाचे. आजोबांनी जिंकून आणलेल्या बाकावर आपण बसून राहिलो.

त्यातच दुसरी गोष्ट झाली. महाराष्ट्रात कसरतीची जागा म्हणजे तालीम, आणि तालमीत मारुती. अंगण झाडून, आखाड्यातली माती कपाळाला लावून, मारुतीला नमस्कार करून जोर-बैठका सुरू व्हायच्या. नव्या विश्वासात तो नमस्कार बसेना, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना तालमीची पायरी चढू दिली नाही. वारीही सुटली. ज्यांचे आजे-पणजे आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालत, गात, रिंगणात धावत जायचे, त्यांच्या भक्तीतून पाय वजा झाले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघर पोहोचवले तेव्हा आपण म्हटले, सूर्याला नमस्कार आपल्याला चालत नाही. ज्याच्या विवेकाला ते टोचते त्याने ते करू नये, हे मला मान्य आहे. मूर्तीपुढच्या नैवेद्याच्या मांसाबद्दल पौलाने करिंथकरांना असाच प्रश्न सोडवून दाखवला आणि दुबळ्याच्या विवेकाचा मान राखायला सांगितले. पण नको म्हणण्यापुरतेच आपण शहाणे राहिलो. सोडले त्याच्या जागी काय ठेवायचे, हे कोणी विचारले नाही. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या पायाशी आणले, १९१७ साली देवाचा दरबार काढला, आणि त्यांची पदे आज आपण अभिमानाने गातो. तालीम कोणीच आणली नाही. देवळातली चाल चर्चमध्ये आली, देवळामागची लाल माती बाहेरच राहिली.

आता या सगळ्याची किंमत कोण मोजते ते पाहू. घरातले अंगमेहनतीचे काम नाहीसे झाले नव्हतेच, ते बायकांकडे सरकले होते. नाताळचा फराळ आठवा. करंज्या, शंकरपाळ्या, अनारसे, चुलीपुढे किंवा गॅसपुढे सलग तीन-तीन दिवस उभे राहून केलेले. सणाच्या दिवशी पहाटे चारला उठायचे, पाहुण्यांचे आटोपायचे, मग उपासनेला वेळेवर पोहोचायचे, परत येऊन पुन्हा मटण शिजवायचे. पन्नाशीला त्या बाईची कंबर जाते, पायाच्या शिरा सुजतात, आणि महिला मंडळाच्या सभेत आपण तिचा सत्कार करतो, तिच्या त्यागाचे गोडवे गातो. तिने कधी सांगितले की सकाळी अर्धा तास चालायला जाते, की घरातून उत्तर येते: दिवसभर घरात राबतेस तोच व्यायाम नाही का? राबणे आणि व्यायाम यांतला फरक मजुराला विचारा. राबताना देह दुसऱ्याच्या गरजेने वाकतो, थांबायचे कधी हे दुसरा ठरवतो, आणि जे स्नायू झिजतात तेच रोज झिजतात. व्यायामात माणूस आपल्या देहाचा धनी असतो. ती अर्ध्या तासाची मालकी आपण आपल्या आयांना दिली नाही. सुनेने ट्रॅकपँट घालून कंपाउंडला चार फेऱ्या मारल्या तर बाकांवर कुजबुज होते, पाळकांच्या कानावर जाते, आणि एखादा वडील मर्यादेवर प्रवचन करतो. त्या वडिलांना स्वतःच्या पत्नीच्या गुडघ्याचा एक्सरे पाहिल्याचे आठवत नसते.

आणि आजारपण आले की आपले खरे क्रौर्य उघडे पडते. भेटायला आपण जातो, जाण्यात कमी पडत नाही. जाऊन म्हणतो, प्रार्थना कर, विश्वास ठेव, प्रभू बरे करील. महिनाभराने बरे वाटले नाही की आवाज बदलतो: कुठे तरी विश्वास कमी पडतोय. साखर वाढलेल्या माणसाला आपण त्याच्या भाताच्या वाटीबद्दल बोलत नाही, त्याच्या बिनचालीच्या दिवसाबद्दल बोलत नाही, त्याच्या औषधाची चौकशी करत नाही, आणि जो आत्मा आपल्याला दिसत नाही त्याबद्दल मात्र निदान करून मोकळे होतो. बायबल इतके निष्ठुर नाही. एलिया रोथेमाच्या झाडाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून जेवू घातले. बोलणे त्यानंतर झाले, आणि तेही चाळीस दिवस चालून गेल्यावर. शारीरिक कसरत थोडक्याला उपयोगी, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, ते आपल्या प्रत्येकाला पाठ असते. त्या पत्रात थोडा उपयोग मान्य केला आहे. त्या थोड्याचे आपण शून्य केले, आणि त्या शून्यावर तीन पिढ्या बसवल्या.

आता वारे फिरले आहे. आपली तरुण मुले जिममध्ये जातात आणि त्यांच्या मोबाइलवर अमेरिकेतून नवा उपदेश येतो: देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, म्हणून वजन उतरवा. वचन वर, दंडाचा फोटो खाली. मला आनंद व्हायला हवा होता. होत नाही, कारण या उपदेशाचा इतिहास मी थोडा वाचला आहे. प्रेस्बिटेरियन पाळक चार्ली शेड यांनी १९५७ साली प्रार्थनेने वजन घालवण्याचे पुस्तक लिहिले आणि लठ्ठपणाला पापाच्या खात्यात टाकले. ग्वेन शॅम्ब्लिन यांनी १९८६ मध्ये वजन उतरवण्याची शिबिरे सुरू केली, ती हजारो चर्चमध्ये पसरली, आणि १९९९ मध्ये त्यांनी त्याच शिकवणीवर टेनेसीत स्वतःचे चर्च उभारले. बारीक माणूस आज्ञाधारक, जाड माणूस बंडखोर, इथवर ती शिकवण गेली. विश्वास कमी पडला म्हणून आजारी पडलास असे सांगणाऱ्या आपल्या आजीला हे किती ओळखीचे वाटले असते! थायरॉइड असलेली मुलगी, पोलिओने पाय गेलेला माणूस, बाळंतपणानंतर न ओसरलेले पोट, दोन पाळ्या करणारा सुरक्षारक्षक, यांना त्या मंदिरात कुठे उभे करायचे? पौलाने ते वचन लिहिले तो संदर्भ तरी पाहावा. करिंथ हे बंदराचे, पैशाचे, गुलामांच्या आणि देहाच्या बाजाराचे शहर. तिथल्या मंडळीत गुलामही होते. तुमचा देह विकाऊ माल नाही, त्याला मोल देऊन सोडवून घेतले आहे, असे तो त्यांना सांगत होता. कमरेचा घेर हा तिथे विषयच नव्हता. आपण देहाकडे आधी पाठ फिरवली होती, आता त्याच देहाला पुन्हा बाजारात उभे करायला निघालो आहोत, या वेळी वचनाच्या फलकाखाली.

यापेक्षा बरा वारसा आपल्याकडे आहे आणि आपण तो विसरलो आहोत. १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानातल्या तरुणाने सोबत्यांना घेऊन वायएमसीए सुरू केली. दिवसाचे बारा-चौदा तास उभे राहून थकलेली ती मुले होती. तिच्याच अमेरिकेतल्या शाखांत १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल आणि १८९५ मध्ये विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल काढला. धावपळीचा बास्केटबॉल ज्यांना झेपत नव्हता अशा पोक्त सभासदांसाठी त्याने तो योजला होता. आज सातारा-सांगलीकडच्या गावांत संध्याकाळी जाळी लागते, तिच्या मुळाशी दमलेल्या, वय झालेल्या माणसांची ही काळजी आहे. त्या चळवळीत मर्दानीपणाची आणि साम्राज्याची मिजासही होती, ती झाकायचे कारण नाही. दुबळ्यांकडे तुच्छतेने पाहण्याची सवय काही अंशी तिथूनच आली. पण आपल्याकडे पंडिता रमाबाईही होत्या. अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलची बालोद्यान पद्धत अभ्यासली आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. ज्या विधवा मुलींचे केस काढून त्यांचा देह अशुभ ठरवला जायचा, त्यांच्यासाठी त्यांनी घर उघडले, आणि खेळातून, हातांच्या कामातून शिकवण्याच्या पद्धतीवर त्यांची श्रद्धा होती. मंडळीतल्या किती बायकांना आपण खेळताना पाहिले आहे?

शब्बाथ शाळेत एरिक लिडलची गोष्ट आपण सांगतोच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक शर्यत रविवारी होती, म्हणून तो धावला नाही. मग चारशे मीटर ४७.६ सेकंदांत धावून त्याने सुवर्णपदक जिंकले. इथे आपण थांबतो. पुढे तो चीनमध्ये मिशनरी झाला, युद्धात जपान्यांच्या वेशिएन छावणीत कैद झाला आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. त्या छावणीत तो मुलांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी नाही. एका रविवारी मुले आपसांत हॉकी खेळली आणि मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडल स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला, असे त्या कैद्यांनी सांगितले आहे. सुवर्णपदकासाठी ज्याने रविवार मोडला नाही, त्याने तो उपाशी, कोंडलेल्या मुलांसाठी मोडला. गोष्टीचा हा अर्धा भाग आपण मुलांना सांगत नाही. सांगितला तर पुढचा प्रश्न येईल, आपल्या कंपाउंडमध्ये रविवारी दुपारी मुलांना चेंडू का खेळू देत नाही?

आणि तो प्रश्न यायलाच हवा. नगर, पुणे, सोलापूर, कोल्हापूर, मुंबई, जुन्या मिशनची आवारे अजून मोठी आहेत, झाडे आहेत, भिंत आहे, रस्त्यावर चालायला लाजणाऱ्या बाईला आडोसा आहे. आठवड्याचे सहा दिवस त्यांना कुलूप असते. पंचकमिटीच्या वार्षिक सभेत रंगकामाला, लाउडस्पीकरला, नाताळच्या रोषणाईला पैसे मंजूर होतात. येत्या सभेत एवढे मागू: रोज सकाळी सहा ते सात फाटक उघडे, तो तास बायकांचा. एक नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट मंडळीत असतेच, ती महिन्यातून एकदा रक्तदाब पाहील आणि गुडघ्याचे व्यायाम शिकवील. खुर्चीत बसून करता येतील असेही, म्हणजे ज्याला चालता येत नाही तो फाटकाबाहेर राहणार नाही. वजनकाटा आणू नये. सुरुवातीला एक स्तोत्र म्हणायला कोणाची हरकत नसावी, चालता चालता म्हटले तरी. आणि या नाताळात फराळाचे तीन दिवस पुरुषांनी चुलीपुढे उभे राहावे, वडिलांनी आणि पाळकांनी आधी. चूल पेटवता येत नाही ही सबब चालणार नाही, हल्ली गॅस आहे. फाटकाची किल्ली कोणाकडे राहील यावर सभेत वाद होईल, नेहमीच होतो. ती महिला मंडळाकडे द्यावी.