"गिअरबॉक्स गेलाय" म्हणे!

मित्रांनो, आज राजकारण नाही. पण विषय आपल्या सगळ्यांच्या खिशाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

माझा मावसभाऊ भाड्याने गाडी चालवतो. कुर्डुवाडी स्टेशन, तुळजापूर, पंढरपूर, जे भाडं मिळेल ते. सात सीटर डिझेल गाडी, एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली, कर्जाचे हप्ते अजून चालू. मागच्या महिन्यात ऐन लग्नसराईत सकाळी गाडी काढायला गेला तर रिव्हर्स पडेना. नुसतं कर्रर्र. पहिला गिअरही पडेना. टोचन करून गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. दुपारी फोन आला : गिअरबॉक्स गेलाय, खाली उतरवावा लागेल, क्लच सेटही बदलावा लागेल, अंदाजे 84 हजार.

त्याने मला फोन केला. मी काय सांगितलं? "कंपनीतच कर, गावातल्या मिस्त्रीच्या नादाला लागू नको." मोठ्या तोऱ्यात सांगितलं. गाडीतलं मला कळतं काय, तर डिझेल कुठून भरायचं एवढंच. पण चार बुकं शिकलेला माणूस काचेच्या केबिनवर लगेच विश्वास ठेवतो, तसा मीही ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो बायकोचं गंठण घेऊन पतसंस्थेत निघाला होता. दारातच ती म्हणाली, "एकदा चाचांना तरी विचारा की." चाचा म्हणजे आमच्याकडचे जुने मिस्त्री. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला. "इंजन बंद असताना गिअर पडतात का?"

पडत होते. सगळे, अगदी लोण्यात सुरी गेल्यासारखे. इंजिन चालू केलं की मात्र अडायचे.

चाचा म्हणाले, "मग गिअरबॉक्सला कशाला हात लावताय? क्लच सुटत नाही तुमचा."

ही साधी गोष्ट आहे, नीट समजून घ्या. आपण क्लच दाबतो तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटे होतात. ते पूर्ण सुटले नाहीत तर आत सगळं फिरतच राहतं आणि गिअर ओरडतो. दोष गिअरचा नसतोच. या गाडीत क्लच ऑइलच्या दाबावर चालतो, आणि हे ऑइल ब्रेकच्याच डबीतून येतं. ती डबी महिन्याभरात दोनदा भरली होती, हे भावाला तेव्हा आठवलं! गाडी माघारी आणली. क्लचचा खालचा सिलेंडर गळत होता. या गाडीत तो बाहेरच्या बाजूला असतो, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवायचीही गरज पडली नाही. सिलेंडर, ऑइल, हवा काढणं, मजुरी, सगळं मिळून 3400 रुपये. टोचनचे पैसे त्याहून जास्त गेले.

आता वर्कशॉपने फसवलं असं मी म्हणणार नाही. चाचाच म्हणाले की दुसऱ्या गिअरची रिंग थोडी झिजलीय, वर्षा-दोन वर्षांनी काम निघू शकतं. कदाचित त्यांनी तेच बघितलं असेल. पण साधी तपासणी आधी न करता थेट 84 हजारांचा आकडा सांगायचा, हा निष्काळजीपणा आहे. आणि गावातले सगळे मिस्त्री चाचांसारखे असतात असंही नाही. वेगाबरोबर वाढणारी घूं घूं बऱ्याचदा चाकाच्या बेअरिंगची असते, पूर्ण वळणावरची कट कट एक्सलच्या जॉइंटची असते, तरी गिअरबॉक्स खोलून बसलेले महाभागही मी पाहिलेत.

दुसरी बाजूही बघा. सुट्या भागांची आणि तपासणीच्या यंत्रांची खुल्या बाजारात अडवणूक होते म्हणून 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. त्यावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. पण मुद्दा कायम आहे : गावातल्या मिस्त्रीला यंत्रं आणि माहिती मिळाली नाही, तर गिऱ्हाईक एकाच दारात अडकतं.

आमच्या पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिला धडा होता : एका माणसाच्या सांगण्यावर बातमी लावायची नाही, दुसऱ्याकडून खातरजमा करायची. वीस वर्षं हे करतोय आणि सख्ख्या मावसभावाच्या वेळी विसरलो! म्हणून सांगतो :

1. मोठं काम सांगितलं तर "कोणती तपासणी केली, काय आढळलं" हे अंदाजपत्रकावर लिहून घ्या.
2. गाडी खोलण्याआधी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा. एकदा खोलली की परत फिरणं अवघड.
3. काढलेला जुना पार्ट मागून घ्या.
4. पक्कं बिल घ्या. मागूनही बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.
5. चुकीच्या कामाचे पैसे घेतले असतील तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही.

आणि एक मागणी लोकप्रतिनिधींकडे. तालुक्यातालुक्यात आयटीआय आहेत, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. तिथे चांगलं स्कॅनर आणि एक जाणकार निदेशक देऊन आठवड्यातून एक दिवस फक्त तपासणी ठेवा, दुरुस्ती नको. नाममात्र फी घ्या आणि दोष लिहून द्या. पोरं खऱ्या गाड्यांवर शिकतील, लोकांना निःपक्ष दुसरं मत मिळेल. कमानी आणि स्वागत फलकांच्या खर्चात हे सहज बसेल.

भावाची गाडी चालू आहे. गंठण घरीच आहे. चाचांना भेटून मी माफी मागितली. ते हसले, म्हणाले, "साहेब, पेपरात गाडीचं नका लिहू, आमच्या गल्लीतल्या गटारीचं लिहा."

तेही लिहितो, पुढच्या पोस्टमध्ये. तुमचा असा अनुभव असेल तर कॉमेंटमध्ये सांगा. दुकानांची नावं नकोत, काय झालं ते लिहा. कुणाचं तरी गंठण वाचेल.