डोरलें मोडून डिग्री

शहापूर-मुरबाडकडील कुणब्याचा पोर कल्याण-डोंबिवलीस इंजिनियर होण्यास निघतो, तेव्हां घरांतून काय काय निघतें? आधीं आईच्या गळ्यांतलें डोरलें, मग गोठ्यांतली म्हैस, शेवटीं सातबाऱ्यावर बोजा. सुताराचें घर असेल तर बोजा चढवायला सातबाराही नाहीं. तेथें पतपेढी आणि जामिनासाठीं पाहुण्यांचे उंबरे.

रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें. पुढें रयतेचीं पोरें त्या दाराशीं आलीं, आणि काय आश्चर्य, दाराला किंमत लागली! १९८३ पासून महाराष्ट्रांत विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजें निघालीं, आणि खर्च बापाच्या पाठीवर पडला.

२०२४ सालीं आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या इतर मागास घरांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारनें माफ केली. उत्तम केलें, लेकीचें शिक्षण आधीं बुडतें हें आम्ही जाणतों. पण त्याच चुलीवर जेवणाऱ्या कुणबी-आगरी भावास माफी निम्मीच कां? घराचें उत्पन्न दोघांचें एकच ना?

बंधूंनो, बँकेच्या कागदावर सही करण्याआधीं तो वाचून घ्या. हप्ता शिक्षण संपेपर्यंत थांबतो. व्याज सहसा थांबत नाहीं. आणि सरकारास आमचें मागणें : भावाचीही फी पुरी माफ करा, व ती आधीं आमच्याकडून न उकळतां थेट कॉलेजास पोंचवा.