बारा इंचांचा हट्ट

घरच्या घरी लाकूडकाम करू पाहणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो असा: ‘रंधा मशीन घ्यायचंच तर बारा इंची घ्या. सहा इंची म्हणजे पोरखेळ.’ सल्ला देणारा बहुधा दारं-खिडक्यांचा धंदा करणारा मेस्त असतो आणि त्याच्या धंद्यापुरतं त्याचं म्हणणं खरंही असतं. पण गोव्यातल्या वाळपईत घराच्या पडवीत देव्हारा, चौरंग, बाक किंवा फार तर एखादं दार करणाऱ्या माणसाने हा सल्ला जसाच्या तसा उचलला, तर पैसा जातो, जागा जाते, आणि फळी वाकडी ती वाकडीच राहते. कारण ‘किती इंची?’ हा प्रश्नच चुकीच्या मापाबद्दल विचारला जातो.

रंधा मशीन, म्हणजे सरफेस प्लेनर किंवा जॉइंटर, दोनच कामं करतं. फळीची एक बाजू सपाट करतं आणि त्या बाजूला काटकोनात एक कड सरळ करतं. समोरची बाजू तिला समांतर करून जाडी सारखी करणं हे थिकनेसरचं काम. ही वाटणी नीट ध्यानात घेतली की बारा इंचांच्या बाजूचे निम्मे मुद्दे आपोआप गळून पडतात.

उरलेल्यांत सर्वांत जोरदार मुद्दा रुंद फळीचा. ‘आपल्याकडे फणस आहे. त्याची बारा इंच रुंद फळी निघते. ती सहा इंचांवर कशी चालवणार?’ फणसाची फळी रुंद निघते हे कबूल. पण वाळपईच्या सत्तरी तालुक्यातला पाऊस किनाऱ्यापेक्षाही जास्त, आणि त्या हवेत बारा इंचांची सलग फळी सपाट राहील ही अपेक्षाच चुकीची. गाभ्याजवळून न कापलेली फळी सुकताना पन्हळीसारखी वाकते, कारण लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जास्त आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे कमी. साग तसा शहाणा म्हणून ओळखला जातो. तरी ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत तो पहिल्या दिशेने सुमारे साडेपाच टक्के आणि दुसऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के आकसतो.

आता मेस्ताच्याच सुतांत हिशेब मांडू. एक इंच, म्हणजे आठ सूत जाडीची, बारा इंच रुंदीची फळी दोन सूत पन्हळली आहे. बारा इंची मशीन आणि थिकनेसर लावून ती दोन्हीकडून सपाट केली तर ती दोन सुतं भुशात जातात आणि हाती सहा सुतांची फळी उरते. तीच फळी आधी मधोमध चिरली तर? वाक तोच असेल तर पन्हळीची खोली रुंदीच्या वर्गाप्रमाणे बदलते. रुंदी निम्मी झाली की खोली चौथाईवर येते. प्रत्येक तुकड्यात अर्धं सूत पन्हळ राहते, ती काढून साडेसात सुतं हाती लागतात. दोन्ही तुकडे त्याच क्रमाने पुन्हा डकवले की रेषा जुळतात आणि फळीही जाड राहते. म्हणजे बारा इंची मशीन ज्या कामासाठी घ्यायचं, ते काम सहा इंचीवर कमी लाकूड वाया घालवून होतं.

वाळपईत हे दीड सूत क्षुल्लक नाही. डोंगरात जंगल दिसतं म्हणून लाकूड मुबलक आहे असं नव्हे. म्हादई अभयारण्य १९९९ पासून आहे, आणि आपल्याच परसातला फणस तोडायचा तरी १९८४च्या गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. असं मिळालेलं लाकूड पाव इंचाने पातळ करून टाकणाऱ्या यंत्राला मोठेपणा कसला?

यावर प्रतिवाद येतो की डकवलेला जोड पावसाळ्यात उघडतो. उघडतो, पण कधी? कड सरळ नसते आणि शिकंजा आवळून ती बळेच जुळवलेली असते तेव्हा. कड टोकापासून टोकापर्यंत सरळ असेल आणि डिंक ओल सोसणारा असेल तर जोड सहसा दगा देत नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. डकवल्याने फळीचं फुगणं थांबत नाही. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत लाकडातली ओल आठ टक्क्यांनी वाढली असं धरलं, तर ३०० मिलिमीटर रुंद सागाची फळी साडेचार मिलिमीटरच्या आसपास रुंदावेल, मग ती सलग असो वा जोडलेली. त्याची सोय खोबणीत मोकळीक ठेवूनच करावी लागते. कोणतंही मशीन ती करून देत नाही.

दुसरा मुद्दा, ‘मोठ्यात लहान मावतंच.’ रुंदीत मावतं, पण विजेत मावत नाही. माट्टी हा आपला राज्यवृक्ष. त्याच्या टणक लाकडावर पूर्ण बारा इंच रुंदीचा काप घ्यायचा तर अश्वशक्तीही त्याच प्रमाणात हवी. तीन अश्वशक्तीची मोटर म्हणजे सव्वादोन किलोवॉट, आणि सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. घरात सिंगल फेज. पावसाळ्यात दाब खाली गेला की मोटर गुरगुरते आणि तापते. सहा इंचीला एक अश्वशक्ती पुरते, कारण ते एका वेळी निम्मंच लाकूड तासतं. शिवाय रुंद मशीनचं पातं जितकं उघडं, तितका बोटांना धोका. बऱ्याच छोट्या कारखान्यांत झाकण काढून कोपऱ्यात ठेवलेलं असतं. घरात, जिथे पोरं-सोरं फिरतात, ते परवडणारं नाही.

पण खरा घोटाळा पुढेच आहे. माहितीपत्रकात रुंदी ठळक छापतात आणि टेबलाची लांबी बारीक अक्षरांत. फळी सरळ होते ती टेबलाच्या आधाराने. पुढच्या टेबलापेक्षा फळी फार लांब असेल तर ती आपल्याच वाकावर डोलत पुढे सरकते आणि मशीन तो वाक इमानाने कायम ठेवतं. सर्वसाधारण नियम असा की टेबलाच्या एकूण लांबीच्या दुपटीपर्यंतची फळी नीट सरळ करता येते. बेंचवर ठेवायच्या छोट्या मशीनचं टेबल ३० इंचांच्या आसपास असतं, मग त्याची रुंदी आठ किंवा दहा इंच का असेना. त्यावर ६० इंचांपर्यंत जमतं. खिडकी होईल, दार नाही. पायांवर उभ्या राहणाऱ्या सहा इंची मशीनचं टेबल ४६ ते ५५ इंचांचं असतं, म्हणजे सात फुटांची, ८४ इंचांची दाराची उभी पट्टी त्यावर सुखाने सरळ होते. रुंद पण तोकडं मशीन घेणाऱ्याने जास्त पैसे देऊन कमी सरळपणा विकत घेतलेला असतो.

उलट बाजूने दोन आवाज येतात. पहिला म्हणतो, नुसता थिकनेसर घ्या. थिकनेसरचे रूळ वाकडी फळी दाबून सपाट करतात, पातं वरून तासतं, आणि फळी बाहेर पडताच पुन्हा वाकते. जाडी सारखी, वाक तसाच. पीळ पडलेली फळी तर पिळासकटच गुळगुळीत होऊन येते. दुसरा म्हणतो, वाडवडिलांनी हातरंध्यानेच घरं उभारली. उभारली, आणि लांब रंध्याने कड सरळ करणारा मेस्त आजही मशीनला लाजवेल. पण तो हात रोजच्या कामाने बनतो. रविवारी दोन तास काढणाऱ्याने त्या हाताची बरोबरी करायला जाऊ नये. त्याने हातरंध्याचा उपयोग मात्र जरूर करावा. सलग ठेवायचीच अशी एखादी रुंद फळी असेल तर तिचे उंच कोपरे आणि पीळ रंध्याने काढावेत. फळी डुगडुगायची थांबली की तेवढं पुरतं. मग रंधलेली बाजू खाली ठेवून ती थिकनेसरमधून काढावी. वर्षातून एकदा येणाऱ्या अशा फळीसाठी बारा इंचांचं बिडाचं धूड पोसायचं कारण नाही.

तेव्हा वाळपईच्या पडवीसाठी माझं म्हणणं सरळ आहे. सहा इंची, पण बिडाच्या जड टेबलाचं, टेबल किमान ४६ इंच, मोटर एक अश्वशक्ती, झाकण जागेवर. सोबत बारा-तेरा इंची थिकनेसर आणि एक चांगला लांब हातरंधा. जागा निवडताना मशीनच्या दोन्ही अंगांना फळीएवढी मोकळीक हवी. सात फुटांच्या फळीला मशीनसकट अठरा फूट लागतात, म्हणून ते दाराच्या रेषेत ठेवावं, म्हणजे फळी अंगणात निघू शकते. मागचं टेबल पात्याच्या वरच्या कडेशी अचूक बरोबर हवं. टेबल खाली राहिलं तर फळीच्या शेवटी खळगा पडतो, वर राहिलं तर फळी अडते. प्रत्येक काप अर्ध्या सुताच्या आत, ढकलायला लाकडी ठोकळा, आणि बारा इंचांहून आखूड तुकडा मशीनवर चढवायचाच नाही. जूनपूर्वी टेबलावर मेण फासावं. तेल लावलं तर लाकडावर डाग पडतात.

आठ इंची परवडत असेल आणि जागा असेल तर माझा विरोध नाही, कारण त्याचं टेबल बहुधा सहा फुटांचं किंवा त्याहून लांब असतं. कारणही लांबीचंच. बारा इंची मात्र त्याने घ्यावं ज्याच्याकडे थ्री फेज आहे आणि रोज दारांच्या फळ्या येतात. बाकीच्यांनी दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न टेबलाच्या लांबीचा विचारावा. विक्रेत्याला तेवढं सांगता येत नसेल तर त्याने छापलेल्या रुंदीवरही विसंबू नये.