प्लॅटिनमची मक्तेदारी मोडेल, पण हायड्रोजन कोणाचा?

हायड्रोजन हा आपला विषय नाही, असं चळवळीतल्या अनेकांना वाटतं. अत्याचाराची प्रकरणं, आरक्षण, शिष्यवृत्ती यांतूनच उसंत मिळत नाही, त्यात हे कुठलं नवीन, असा सूर असतो. मला तो मान्य नाही. कारण समजून घ्यायला सावनेर तालुक्यातल्या खाप्यात येऊन आजूबाजूला पाहिलं तरी पुरे. जवळच गुमगावची मँगनीजची भूमिगत खाण आहे. नागपूरच्या दिशेने गेलं की खापरखेडा आणि कोराडीची कोळशावरची वीजकेंद्रं लागतात. वीज राज्यभर गेली, राख इथेच राहिली. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, तेव्हा ती राख आसपासच्या शेतांत शिरली. आता ऊर्जेचा पुढचा टप्पा ठरतो आहे. आज गप्प बसलो तर पुढचीही राख आपल्याच वाट्याला येईल.

जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. तरतूद 19,744 कोटी रुपयांची आणि लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजनचं. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने 8,562 कोटींचं स्वतःचं धोरण आणलं. एवढा पैसा कशावर लागणार आहे, हे आपल्या पोरांना कळलं पाहिजे.

गोष्ट साधी आहे. पाण्यातून वीज सोडली की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. पण हे काम कमी विजेत व्हावं म्हणून उत्प्रेरक लागतो. तो क्रिया सोपी करतो आणि स्वतः खर्च होत नाही. आम्लधर्मी यंत्रात हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम आणि ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम सर्वांत उत्तम चालतं. अडचण अशी की जगात इरिडियम वर्षाला सात-आठ टनच निघतं आणि त्यातलं बहुतेक दक्षिण आफ्रिकेत. ज्याच्या हाती हे धातू, त्याच्या हाती हायड्रोजन.

ही कोंडी फोडण्याच्या प्रयत्नातून फॉस्फाइड पुढे आलं. निकेल, कोबाल्ट, लोह, मॉलिब्डेनम यांसारखे संक्रमण धातू फॉस्फरसशी जोडले की ही संयुगं तयार होतात. काही जीवाणू हायड्रोजन तयार करायला प्लॅटिनम वापरत नाहीत, त्यांचं विकर लोह आणि निकेलवर चालतं. त्या विकराशी तुलना करून 2005 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या दोन संशोधकांनी गणिताने दाखवलं की निकेल फॉस्फाइड हे काम करू शकेल. 2013 मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या गटाने ते प्रत्यक्ष करून दाखवलं. आणि खाप्याच्या वाचकाने हेही लक्षात घ्यावं: झाडाच्या हिरव्या पानात पाणी फोडण्याचं काम मँगनीजच्या चार अणूंचा समूह करतो. गुमगावला आपण जो धातू खणतो, तोच निसर्गाने या कामाला निवडला आहे.

फॉस्फाइडने सगळं सुटलेलं नाही. हायड्रोजनच्या बाजूला ते प्लॅटिनमच्या जवळ जातं, पण ऑक्सिजनच्या बाजूला त्याचा पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये बदलतो आणि फॉस्फरस झिरपून जातो. कारखान्यात वर्षानुवर्षं टिकणं ही वेगळीच परीक्षा आहे. शिवाय जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या खाणींत लहान मुलं राबतात. म्हणून ‘स्वस्त’ म्हटलं की कोणाच्या पाठीवर स्वस्त, हे आंबेडकरवाद्याने विचारायलाच हवं.

माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो. धातू स्वस्त झाला म्हणून मक्तेदारी आपोआप जात नाही. एक किलो हायड्रोजन काढायला साधारण 50 युनिट वीज लागते. ती कोळशाची असेल तर सुमारे 50 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढण्यापेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा कोराडीच्या विजेवर काढलेल्या हायड्रोजनला ‘हरित’ म्हणणं ही फसवणूक ठरेल. पाणी तर लागणारच, आणि कन्हानचं पाणी आधी कोणाचं, हाही प्रश्न आहेच.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचा विषय त्यांच्याकडे होता. वीज कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच मांडला. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. आज मिशनच्या 19,744 कोटींपैकी 17,490 कोटी उत्पादक कंपन्यांच्या प्रोत्साहनासाठी आहेत आणि संशोधनाला 400 कोटी. मालकीचा प्रश्न कोणी विचारतच नाही.

दुसरा प्रश्न प्रयोगशाळेचा. नागपूरची एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, 1942 साली उभी राहिली ती कामठीचे मँगनीज खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून. देणगीदाराचं नाव पाटीवर आहे, ते योग्यच. पण ते मँगनीज ज्यांनी डोक्यावर वाहिलं, त्या दलित-आदिवासी मजुरांची, बायाबापड्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत? त्यांच्या नातवंडांपैकी किती जण आज तिथे उत्प्रेरकावर काम करतात?

त्याच 1942 च्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन दिलं आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मागितली. नुसत्या कारकुनीने समाज उभा राहणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आणि आज? 2023 मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात ठिय्या द्यावा लागला. जो वेळ प्रयोगशाळेत जायचा, तो मंडपात गेला.

काही मित्र म्हणतील, आधी नाली आणि नळ, मग हायड्रोजन. मी म्हणतो, दोन्ही. नळासाठी लढणारा कार्यकर्ता आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी त्याची बहीण, दोघंही चळवळीचेच आहेत. ती निकेल फॉस्फाइडची पट्टी तपासेल, तो जनसुनावणीत उठून विचारेल: वीज कुठून आणणार, पाणी कोणाचं घेणार, नोकऱ्या कोणाला आणि कंत्राटी की कायम?

आपल्या आजा-पणजांनी मँगनीज वाहिलं तेव्हा हा धातू कशासाठी जातो, हे कोणी त्यांना सांगितलं नाही. आपल्याला माहीत आहे. आता विचारलं नाही तर दोष आपला.

जयभीम.