एकरी टन मोजले, आता जमीनही मोजू या



मी पुन्हा विद्यार्थी झालो आहे, ही बातमी गट ऑफिसमधून आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर गेलीच असेल. कृषी पदविका घेऊन कारखान्याच्या शेतकी खात्यात लागलो त्याला वीस वर्षे होऊन गेली. आता पंचेचाळिशीत चष्मा सांभाळत रात्री पर्माकल्चर या विषयाच्या पदविकेचा अभ्यास चालू आहे. आमच्या एका चिटबॉयला हे जिवाणू खताचे नवे पाकीट वाटले. "साहेब, हे कल्चर एकरी किती किलो टाकायचं?" असे त्याने विचारलेही. म्हणून आधी थोडा खुलासा करतो.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी १९७८ साली या विषयावर पहिले पुस्तक काढले. कायम टिकणारी शेती, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. मॉलिसन १९८७ साली भारतात येऊन हैदराबादकडे हा विषय शिकवून गेले, आणि २०१७ साली या लोकांचा जागतिक मेळावा हैदराबादेतच भरला. जमीन सांभाळा, माणसे सांभाळा, आणि आपल्या वाट्यापेक्षा जास्त घेऊ नका, ही त्यांची तीन सूत्रे. ऐकायला सोपी आहेत. चार एकरांत बसवायला गेले की घाम फुटतो.

या पदविकेला लेखी परीक्षा नाही. प्रत्यक्ष जागेचे आराखडे करून दाखवायचे असतात. पहिलाच धडा असा की आपली जागा निवडा, नकाशा काढा आणि वर्षभर नुसते बघा. काही बदलू नका, फक्त लिहून ठेवा. ऊस विकास अधिकाऱ्याला यासारखी दुसरी शिक्षा नाही! प्लॉटवर पाय पडला की डोस सांगायचा, ही आमची सवय. सुरूला हेक्टरी नत्र २५०, पूर्वहंगामीला ३४०, आडसालीला ४०० किलो, झोपेतून उठवून विचारले तरी तोंडपाठ. पण माझ्या स्वतःच्या चार एकरांत पावसाचे पाणी कोठून शिरते आणि कोठे मुरते, हे मला वर्षभर वही घेऊन फिरेपर्यंत सांगता आले नसते.

फिरताना जे दिसले त्यातले एकच सांगतो. खालच्या अंगाला दहा गुंठ्यांचा कोपरा आहे. उन्हाळ्यात तेथे मातीवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर येतो. तेथला ऊस गुडघ्याएवढा होऊन थांबतो. हा कोपरा मी दहा वर्षे पाहतो आहे आणि दहा वर्षे "तिथं बेणं बरं नव्हतं", "तिथं तुटाळ झाली" अशी कारणे देतो आहे. माती तपासली तेव्हा सामू साडेआठच्या पुढे निघाला. चोपण जमीन. दुसऱ्याच्या शेतात असती तर लांबून ओळखली असती.

त्याच सुमारास एका जुन्या सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो. २००९ साली कारखान्याच्या ऊस स्पर्धेत त्यांच्या आडसालीला पहिले बक्षीस मिळाले. प्लॉटची पाहणी मीच केली होती, शिफारसही माझीच. दर आठ दिवसाला पाट सोडतात, हे मी त्या वेळी कौतुकाने लिहिले होते. आज त्या प्लॉटचा निम्मा भाग पांढरा आहे. तात्या हसतच म्हणाले, "साहेब, गावात पयला नंबर बी आमचाच आन् पयलं पांढरं बी आमचंच." मी चहा संपवला आणि उठलो. बोलण्यासारखे काही नव्हते.

हे कसे होते ते आपण सारे जाणतो. खोल काळी जमीन, निचरा कमी. वर्षानुवर्षे पाणी जास्त झाले की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते, त्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार राहतात. पण पाणी जास्त का होते, याचा विचार आपण क्वचित करतो. पुष्कळ उपसा योजनांची पाणीपट्टी एकरावर आहे, पाण्यावर नाही. एक पाळी कमी घेतली तर एक पैसाही वाचत नाही. त्यात शेतीला वीज रात्रीची. मोटर चालू करायची, दारे धरायचे आणि बांधावर कांबळे टाकायचे. पहाटे जाग येईपर्यंत पाणी सरी भरून खालच्याच्या रानात. दोष कुणा एकाचा नाही. पाळी किती दिवसांनी, हे सांगणारे आम्हीच, आणि ते पाणी जाते कुठे, हे आम्ही कधी विचारले नाही.

उसाने आपले वाईट केले असे मी म्हणणार नाही. माझी आई जिरायत ज्वारीच्या भाकरीवर वाढली आणि माझे शिक्षण उसाच्या बिलावर झाले. कारखाना नसता तर ही पत्रिका नसती, आणि हा लेखकही नसता. प्रगती खोटी नव्हती. मात्र तिचा हिशेब एकतर्फी लिहिला गेला. टनेज जमेला धरले, पण जमिनीतून जे गेले ते नावे टाकलेच नाही. सहकारी संस्थेचा असा ताळेबंद आपण सर्वसाधारण सभेत मंजूर केला असता काय?

पर्माकल्चरचे सगळेच मला पटले आहे असेही समजू नका. त्यात घरापासून रानापर्यंत पट्टे पाडायला सांगतात आणि शेवटचा पट्टा रानटी ठेवायला सांगतात. चार एकरवाल्याने रान कोठून आणायचे? आईला नकाशा दाखवला तर ती म्हणाली, "ह्यात नवं काय? घर, परडं, गोठा, उकिरडा, मळा आणि गायरान. आमचं असंच हुतं." तेही पुरते खरे नाही. तिचा उकिरडा विहिरीला लागून होता आणि दर पावसाळ्यात घरात जुलाब ठरलेले. जुने सारे सोने होते असे मानणाऱ्यांतला मी नव्हे.

पण एक गोष्ट या अभ्यासाने पक्की झाली. समतोल एकट्याच्या बांधाच्या आत राहत नाही. वरच्याचे जादा पाणी खालच्याच्या रानात फुटते. जिप्सम टाकून पाहिला, पण खाली निचराच नाही तर जिप्समने सुटलेला क्षार जाणार कुठे? शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले आणि क्षारपड जमिनी पुन्हा लागणीखाली आणल्या. ते काम एका गटनंबरात होत नाही. पाइपचे पाणी ओढ्यापर्यंत न्यायला मधल्या सर्वांची संमती लागते. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा माणशी ठरला, आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही असाही नियम झाला. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे छापावे की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. छापावे असे ठरवले. पाण्याला मर्यादा असते, हे मान्य करण्यात उसाचाही फायदा आहे. खारवट जमिनीतल्या उसाचे टनेजही घटते आणि रसाची प्रतही, तेव्हा ते नुकसान कारखान्याच्या दारातही येते.

आता मुद्द्याची गोष्ट. आपली वार्षिक ऊस स्पर्धा फक्त एकरी टनावर ठरते. एका वर्षाचा विक्रम झाला की फेटा बांधायचा. त्या विक्रमासाठी जमिनीतून काय ओढले, हे कोणी विचारत नाही. माझी नम्र सूचना अशी की बक्षीस एकाच प्लॉटच्या तीन पिकांवर द्यावे : लागण, खोडवा आणि निडवा. सुरुवातीला व शेवटी माती तपासावी, सेंद्रिय कर्ब आणि क्षार दोन्ही पाहावेत. पाण्याच्या पाळ्या वहीत लिहाव्यात. निम्मे गुण टनेजला, निम्मे जमिनीला आणि पाण्याला. पाचट पेटवणाऱ्याचा अर्ज घेऊच नये. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. तोडणीनंतर दोन दिवसांत काडी लावून आपण ते हवेत पाठवतो आणि मग शेणखत मिळत नाही म्हणून तक्रार करतो. पाचट सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाकले की तेच खत होते, आच्छादनाने पाण्याची पाळीही लांबते. (चिटबॉयच्या प्रश्नाचे उत्तर हे. हे कल्चर हेक्टरी १० किलो.)

शेतकी समितीपुढे ही सूचना मी तोंडी मांडली तेव्हा एका संचालक साहेबांनी विचारले, "तीन वर्षं वाट बघणार कोण? आणि स्पर्धेत येणार कोण?" प्रश्न रास्त आहे. कदाचित पहिल्या वर्षी पाचच अर्ज येतील. मला पाच चालतील. कर्मचारी असल्याने मला स्वतःला भाग घेता येत नाही, तरी माझ्या चार एकरांची वही गट ऑफिसच्या टेबलावर ठेवली आहे. पांढऱ्या कोपऱ्याचे पान उघडेच आहे. ज्यांना आपल्या रानात असा कोपरा दिसतो, त्यांनी माती नमुन्याच्या पिशव्या तेथूनच न्याव्यात. पिशवीवर नाव, गटनंबर आणि मागील पिकाला दिलेल्या पाळ्या लिहायला विसरू नये. पाळ्या आठवत नसतील तर तसे लिहा, अंदाजे आकडा टाकू नका. तात्यांनी पहिली पिशवी नेली आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी