कुलूप लावलेले दार आणि अल्लाहची मर्जी

मागच्या हिवाळ्यात अब्बांना न्यूमोनिया झाला. जिल्ह्यातल्याच एका खासगी दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर त्यांना ठेवले होते. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला बराच वेळ लागला. वॉर्डात पूर्ण अंधार. कुणीतरी ओरडले की जळल्याचा वास येतोय. वास कसलाच नव्हता, पण त्या क्षणी ते कुणाला ठाऊक होते? मी मोबाईलच्या उजेडात मागच्या जिन्याकडे गेलो. तिथे ‘आपत्कालीन मार्ग’ अशी हिरवी पाटी होती. पाटीखालच्या दाराला साखळी होती, साखळीला कुलूप होते आणि दारासमोर तीन मोडक्या खाटा एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

चौकीदाराला विचारले तर म्हणाला, “चावी ऑफिसात असते, ऑफिस दहाला उघडते. उघडं ठेवलं तर लोक बिल न भरता मागून निघून जातात.”

परत येऊन अब्बांच्या शेजारच्या खाटेवरच्या चाचांना हे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “बेटा, जिसकी घड़ी आ गयी वो जाता ही है. सब अल्लाह की मर्जी.”

चाचांच्या ईमानाबद्दल मला आदर आहे. पण त्या दाराला कुलूप अल्लाहने लावलेले नव्हते. ते दवाखान्याच्या मालकाने लावले होते, बिल बुडू नये म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात घालण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिच्याविरुद्ध हा लेख आहे.

नागपूरच्या पलीकडे भंडारा आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. काही भाजून गेली, बहुतेक धुरात गुदमरून. प्रत्येक बाळामागे ५ लाखांची मदत जाहीर झाली. नेते येऊन गेले, चौकशी समिती बसली आणि राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले.

त्यानंतरचे महिने आठवून पाहा. मार्चमध्ये भांडुपला एका मॉलमधल्या रुग्णालयात आग. ९ एप्रिलला नागपूरजवळ वाडीत आग, ४ मृत्यू. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. जेमतेम अर्धा तास पुरवठा विस्कळीत झाला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारला अतिदक्षता विभागात आग, १३ जण जागीच गेले. २८ एप्रिलला मुंब्र्याच्या कौसा भागात आग, हलवाहलवीत ४ रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला, दिवाळीतच, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली, ११ जण गेले.

एका वर्षात इतक्या वेळा जे घडते त्याला आकस्मिक म्हणता येत नाही. आपण मात्र दर वेळी ‘दुर्दैवी घटना’ असाच शब्द वापरला.

या प्रकरणांत पकडले कोण गेले, तेही पाहा. भंडाऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, पण गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. अहमदनगरला एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिकांना अटक झाली. रात्रपाळीच्या बाईने हलगर्जी केली असेल तर तिला जाब विचाराच. पण त्या कक्षात धूर ओळखणारे यंत्र बसवायचे की नाही हे ती ठरवत नव्हती. निधीच्या फायलीवर सही तिची नव्हती. रात्री किती माणसे कामावर असावीत, हेही तिने ठरवलेले नव्हते. ज्यांनी ठरवले ते चौकशीच्या अहवालात ‘यंत्रणा’ या एका शब्दामागे जाऊन बसले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आरोग्याच्या बाबतीत वर्धा नशीबवान म्हणायचा. सेवाग्रामला १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी उभे केलेले देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. सावंगीला दुसरे मोठे रुग्णालय आहे. शहरात जिल्हा रुग्णालय, हिंगणघाट आणि आर्वीला उपजिल्हा रुग्णालये. शेजारच्या जिल्ह्यांतले रुग्णसुद्धा इथे येतात.

पण याच जिल्ह्यात पुलगावचा दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ ला तिथे आग लागून स्फोट झाले, १६ हून अधिक जवान, अधिकारी आणि अग्निशमन कर्मचारी गेले. २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला, ६ माणसे गेली. त्यांत पोटासाठी तिथे गेलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. दोन्ही वेळी जखमी सावंगीला आणावे लागले. ३ फेब्रुवारी २०२१ ला भूगावच्या पोलाद कारखान्यात भट्टीजवळ अपघात झाला आणि तीसहून अधिक कामगार जखमी झाले. आता समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस जळाली आणि २५ जण गेले, त्यांत वर्ध्याची माणसे होती. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा उष्माघाताचे रुग्ण आणि विजेचा ताण एकाच वेळी वाढतो. जुलै २०२२ मध्ये वेणा नदीचे पाणी हिंगणघाटच्या वस्त्यांत शिरले.

म्हणजे इथे काय घडू शकते हे आपल्याला आधीच माहीत आहे. रुग्णालयातल्या धोक्यांचे मूल्यमापन म्हणतात ते एवढेच असते. एक कागद घ्यायचा. एका रकान्यात धोके लिहायचे: शॉर्टसर्किट, ऑक्सिजन तुटणे, वीज जाणे, तळघरात पाणी शिरणे, एकदम पन्नास भाजलेले रुग्ण येणे. पुढच्या रकान्यांत प्रत्येकाची शक्यता किती, घडले तर नुकसान किती आणि आपली तयारी किती. पूर्व विदर्भात भूकंपाची शक्यता कमी, तर तो खाली जाईल. अतिदक्षता विभागातली आग वर येईल, कारण तिथे यंत्रे अहोरात्र चालतात, हवेत ऑक्सिजन जास्त असतो म्हणून आग झपाट्याने पसरते आणि खाटेवरचा माणूस स्वतः उठून पळू शकत नाही. मग वरच्या ओळीपासून कामाला लागायचे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्येच काढली आहेत. महाराष्ट्राचा अग्निसुरक्षेचा कायदा २००६ चा आहे. त्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. लोक त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. कायदा आहे, नियम आहेत, फॉर्म आहे. फक्त रात्री दोन वाजता चावी कुणाकडे आहे, हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेले नसते.

यावर ठरलेले उत्तर येते: पैसा नाही. स्प्रिंकलर, नवे वायरिंग, धूर ओळखणारी यंत्रे यांना पैसा लागतो, मान्य. त्यासाठी सरकारच्या मागे लागायलाच हवे. पण साखळी काढायला किती पैसे लागतात? जिन्यातल्या मोडक्या खाटा हलवायला? चालू न शकणाऱ्या रुग्णांची यादी रोज संध्याकाळी फळ्यावर लिहायला? चादरीत घेऊन रुग्ण बाजूच्या वॉर्डात कसा न्यायचा, हे आया आणि वॉर्डबॉयना शिकवायला? ऑक्सिजनची मुख्य नळी बंद पडली तर सिलिंडर कुठून आणायचे, हे रात्रपाळीला तोंडपाठ करून घ्यायला? मॉक ड्रिल होते तेव्हा ती सकाळी अकराला, फोटोग्राफर बोलावून होते. भंडाऱ्याची आग रात्री लागली होती. ड्रिल रात्रीच व्हायला हवी, जेव्हा मजल्यावर दोनच माणसे असतात.

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्या मोहल्ल्यांतही दवाखाने आहेत. काही आपल्याच ट्रस्टचे आहेत, जकात आणि सदक्याच्या पैशांवर चालतात, गरिबाला परवडतात. त्यांचे मोल मला ठाऊक आहे. पण त्यातले कितीतरी राहत्या घरांत आहेत. जिना एकच, खिडक्यांना पक्क्या जाळ्या, जिन्याखाली सिलिंडर आणि मीटरच्या पेटीला लोंबणाऱ्या वायरी. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी आपण आनंदाने लावतो. दुसऱ्या जिन्यासाठी वर्गणी मागायला कुणी उठत नाही, कारण जिन्यावर नाव कोरत नाहीत. सरकारी रुग्णालयाला बोल लावण्याआधी आपल्या ट्रस्टच्या बैठकीत हा विषय किती वेळा आला, हे आपण स्वतःला विचारावे.

आणि ती मर्जीची गोष्ट. हजरत उमर शामच्या वाटेवर सर्गपर्यंत आले तेव्हा पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले. त्यांनी सोबत्यांशी मसलत करून परतायचे ठरवले. अबू उबैदांनी विचारले की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नाही का? उमरांच्या उत्तराचा आशय असा की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. म्हणजे धोका ओळखून पाऊल मागे घेणे हेही तकदीरच्या आतच आहे. झोपताना घरात आग जळती ठेवू नये, ही शिकवणसुद्धा हदीसमध्ये आहे. ज्या दीनने रात्रीच्या दिव्याची काळजी घ्यायला सांगितले, त्याच्या नावावर शॉर्टसर्किट माफ करून घेणे मला पटत नाही. तवक्कुलचा अर्थ हात बांधून बसणे असा असता, तर अब्बांना दवाखान्यात तरी कशाला नेले असते?

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक दवाखान्याच्या दर्शनी भागात, डॉक्टरांच्या पदव्यांच्या शेजारी, तीन तारखा लिहिलेल्या असाव्यात: शेवटचा फॉर्म बी कधी दिला, विजेची तपासणी कधी झाली, रात्रीची ड्रिल कधी झाली. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख असतात. पुलगाव किंवा भूगावसारखा प्रसंग आला तर कोणते रुग्णालय किती भाजलेले आणि किती जखमी घेईल, हे त्यांनी लोकांना कळेल अशा मराठीत जाहीर करावे. आणि पुढच्या चौकशीत परिचारिकेच्या आधी फाईल अडवणाऱ्याचा जबाब घ्यावा. सरकारी रुग्णालयाबद्दल हे प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. अर्जाला दहा रुपये लागतात.

अब्बा बरे होऊन घरी आले. निघताना मी दवाखान्याच्या व्यवस्थापकाला कुलपाबद्दल लेखी दिले. त्याने कागद ठेवून घेतला, पोच दिली नाही. पुढच्या आठवड्यात एका नातेवाईकाला भेटायला तिथेच गेलो, तर खाटा हलवलेल्या होत्या. साखळी तशीच होती.

आजाऱ्याला भेटायला जाणे, इयादत, आपल्याकडे पुण्याचे काम आहे. फळे घेऊन जा, दुआ करा. उठताना पाच मिनिटे काढून मागच्या दारापर्यंत चालत जा. कुलूप दिसले तर चावी कुणाकडे आहे ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.