त्या काळी लोकांना वेळ होता म्हणे!

राणी व्हिक्टोरियाच्या काळातली कुठलीही इंग्रजी मालिका बघायला बसलं, की आमच्या घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "किती निवांत होती नाही ही माणसं! यांना वेळ होता." पियानो, भरतकाम, क्रोके, शेकोटीपाशी मोठ्यानं कादंबरी वाचणं, पानंच्या पानं पत्रं. बघायला मलाही ते सगळं आवडतं. पण या वाक्याशी माझं भांडण आहे. वेळ होता, पण कुणाकडे? आणि तो आला कुठून?

त्या शेकोटीचंच घ्या. रात्रीची राख काढायची, लोखंडी जाळी काळं पॉलिश लावून घासायची, तळघरातून कोळसा वर आणायचा, जाळ करायचा. हे सगळं मालक मंडळी उठायच्या आत. अंघोळीचं गरम पाणी जिन्यावरून वर न्यायचं आणि तेच मळकं पाणी पुन्हा खाली आणायचं. सोमवार बहुतेक घरांत धुण्याचा. कपडे भिजवा, मोठ्या हंड्यात उकळा, लाकडी दांड्यानं घुसळा, रुळांतून पिळून काढा. त्या दिवशी जेवायला रविवारचं उरलेलं मांस, तेही थंडच. स्वयंपाकाला सवड कुणाला होती?

१८६१ साली इझाबेला बीटन यांचं घरकारभारावरचं प्रसिद्ध जाडजूड पुस्तक आलं. नाव ऐकून एखादी अनुभवी, पोक्त बाई डोळ्यांसमोर येते ना? प्रत्यक्षात बाई पंचविशीची होती आणि अठ्ठाविसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर, गेलीसुद्धा. तर या पुस्तकात घरच्या मालकिणीची तुलना थेट सेनापतीशी केली आहे. कुठल्या मिळकतीला किती नोकर हेही दिलंय. वर्षाला १५० ते २०० पौंड मिळत असतील, तर सगळी कामं करणारी एक मोलकरीण. तिचा पगार वर्षाला साधारण ९ ते १४ पौंड. म्हणजे मध्यमवर्गीय घरातला तो निवांतपणा या भावात मिळत होता! तिचं एकटेपण आणि न संपणारं काम बघून बीटनबाईंनाही तिची दया आली आहे. १८९१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये घरकामाच्या नोकरीत तेरा लाखांहून अधिक बायका-मुली होत्या.

यांतल्या बहुतेकींनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं नाही. हॅना कलविक हा मोठा अपवाद. जन्म १८३३ चा, आठव्या वर्षापासून कामाला. आर्थर मन्बी नावाच्या वरच्या वर्गातल्या गृहस्थाच्या सांगण्यावरून ती बरीच वर्षं रोजनिशी लिहीत होती. किती बूट साफ केले, कुठली फरशी गुडघ्यांवर बसून घासली, किती वाजता उठले. १८७३ मध्ये त्या दोघांनी गुपचूप लग्न केलं, तरी लोकांसमोर ती त्याची मोलकरीण म्हणूनच वावरली. तिच्या रोजनिश्या पुस्तकरूपात आल्या १९८४ साली.

आता कुणी म्हणेल, काळच तसा होता, नोकरी होती म्हणून त्या मुलींना दोन वेळचं खायला तरी मिळालं. खरंय. कुटुंबानं एका दिव्याभोवती बसून वाचन ऐकणं ही सुंदर गोष्ट होती, हेही मला मान्य आहे. पण "तेव्हा वेळ होता" असं म्हणून आपण त्या काळाला जो मोठेपणा देतो, तो मला पटत नाही. वेळ काही हवेत नव्हता. तो एकीच्या दिवसातून काढून दुसरीच्या दिवसात घातलेला होता.

आणि मंडळी, ही गोष्ट फक्त लंडनची आहे का? आपण सगळेच ब्लॉगवाले हौसेनं लिहितो. पावसावर, वाचलेल्या पुस्तकांवर, रविवारच्या निवांत सकाळीवर. ती सकाळ निवांत व्हावी म्हणून जी आधीच भांडी घासून दुसऱ्या घरी गेलेली असते, तिचं नाव आपल्या लिहिण्यात किती वेळा येतं? हॅनाला निदान स्वतःच्या हातानं लिहिता आलं. तिच्या रोजनिशीतलं एक पान मला बीटनबाईंच्या अख्ख्या पुस्तकापेक्षा त्या काळाबद्दल जास्त सांगतं. आपल्या काळाबद्दल असं पान कोण लिहिणार?

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. घरच्या मंडळींनीसुद्धा!